उंबरठ्यावरची नोकरी

इंदापूर तालुक्यातल्या कळसमध्ये काय किंवा शेजारच्या बारामती तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर काय, मुलाच्या स्थळाची चौकशी निघाली की पूर्वी पहिला प्रश्न असे, ‘बागायत किती?’ आता त्याच्या जोडीने, किंबहुना त्याच्याही आधी, दुसराच प्रश्न विचारला जातो, ‘मुलगा परमनंट आहे का?’ ज्या आजीला इंग्रजीचा एक शब्द येत नाही, तीसुद्धा हा शब्द अचूक उच्चारते आणि त्याचा अर्थ तिला पक्का ठाऊक असतो.

यात हसण्यासारखे काही नाही. उसाच्या या पट्ट्यात वाटण्या होता होता जमीन गुंठ्यांवर आली. कालव्याचे आवर्तन लांबले की पीक हातचे जाते. अशा वेळी घराला आधार वाटतो तो महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पगाराचा. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या वालचंदनगरने हा धडा या भागाला फार लवकर दिला. पुढे भवानीनगरसारखे सहकारी साखर कारखाने आले, भिगवणला कागदाचा कारखाना आला, बारामतीची औद्योगिक वसाहत वाढली, इंदापूरजवळ लोणी देवकरला आणि दौंडकडे कुरकुंभला कारखानदारी पोचली. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला मुलगा सकाळी डबा घेऊन मोटारसायकलवरून कंपनीत जातो, हे चित्र आता गावोगावचे झाले आहे.

परंतु कंपनीच्या फाटकातून आत गेलेला मुलगा आणि ‘परमनंट’ झालेला मुलगा यांच्यामध्ये एक उंबरठा असतो. त्याला कागदावर ‘परिवीक्षा काल’ म्हणतात, बोलण्यात ‘प्रोबेशन’. तीन महिन्यांचा, सहा महिन्यांचा, कधी वर्षाचा. या मुदतीत मालकाने कामगाराला पारखायचे आणि कामगारानेही मालकाला पारखायचे, अशी मूळ कल्पना. प्रत्यक्षात पारख बहुधा एकाच बाजूने होते. मुलगा खाली मान घालून मिळेल ती पाळी करतो, जादा वेळ थांबतो, रजा मागत नाही. घरी मोटारसायकलचा हप्ता सुरू झालेला असतो. आणि एखाद्या दिवशी पाळी संपताना सुपरवायझर सांगतो, ‘उद्यापासून येऊ नकोस.’

त्यानंतर घरात जे घडते ते अधिक विचार करण्यासारखे आहे. मुलगा चार दिवस कोणाला काही सांगत नाही. कळल्यावर वडील गप्प होतात, आई देवाला बोल लावते, शेजाऱ्यांना ‘रजेवर आहे’ असे सांगितले जाते. नोकरी गेली याची लाज वाटते आणि त्या लाजेपोटी एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो: राहिलेल्या पैशांचे काय? ‘कायम नव्हताच, मग कसला हिशेब?’ असे कोणीतरी म्हणते आणि सगळे ते मान्य करतात. सर्वांत मोठे नुकसान या गैरसमजाने होते.

येथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात, ते आधी वेगळे केले पाहिजेत. कामावरून कमी केले ते योग्य की अयोग्य, हा एक प्रश्न. त्यावर वाद होऊ शकतो आणि तो वाद प्रोबेशनवरचा कामगार अनेकदा हरतोही. केलेल्या कामाचे पैसे मिळालेच पाहिजेत की नाही, हा दुसरा प्रश्न. त्यावर वादच नाही. नोकरी कच्ची असेल, पण तिच्यात घाम गाळून मिळवलेला पगार पक्काच असतो.

हे तत्त्व जुने आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातच मालकाने ज्याला कामावरून कमी केले, त्याचा पगार दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत चुकता करावा, असे बंधन होते. मात्र तो कायदा ठराविक पगारापर्यंतच्या लोकांना लागू होता. २०१९ मध्ये संसदेने वेतन संहिता मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती इतर तीन कामगार संहितांबरोबर देशात लागू झाली. तिने ही पगाराची मर्यादा काढून टाकली. कामावरून काढले, कपातीत कमी केले, अगर स्वतः राजीनामा दिला, तरी दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकते झाले पाहिजे, असे ती सांगते. त्यात कायम आणि प्रोबेशनवरचा असा भेद नाही. यंत्रावरचा कामगार, हिशेबनीस, पुण्यातल्या संगणक कंपनीत नुकती लागलेली मुलगी, सगळे त्यात येतात.

उदाहरण घेऊन हिशेब मांडू. समजा, एका मुलाला महिना १८,००० रुपये पगार आहे. तो १ जूनला लागला आणि २० नोव्हेंबरला त्याला कमी केले. चालू महिन्याच्या वीस दिवसांचे १२,००० रुपये त्याचे आहेत. नेमणुकीच्या पत्रात प्रोबेशनवर असताना पंधरा दिवसांची नोटीस किंवा तेवढा पगार असे लिहिले असेल आणि नोटीस दिली नसेल, तर आणखी ९,००० रुपये. कारखान्यात वीस दिवस भरले की एक दिवस भरपगारी रजा साठते. वर्षाची हजेरी पुरी होण्याआधीच काम सुटले तरी साठलेल्या रजेचा पगार द्यावा लागतो. या मुलाचे एकशेचाळीस दिवस भरले असतील तर सात दिवसांचे सुमारे ४,८०० रुपये होतात. ही बेरीज झाली २५,८००.

याशिवाय बोनस. वर्षात तीस दिवस काम केलेला कामगार, कायदा लागू असलेल्या आस्थापनेत, बोनसला पात्र असतो. प्रोबेशनवर होता म्हणून तो बाद होत नाही. किमान ८.३३ टक्क्यांचा दर आणि ७,००० रुपयांचा हिशेबी पगार धरला तरी ते निदान ३,३०० रुपये होतात. हे दोन दिवसांत मिळत नाहीत, हिशेबाचे वर्ष संपल्यावर आठ महिन्यांच्या आत मिळतात. म्हणून तर बहुतेक जण ते विसरून जातात. शिवाय फंड. १५,००० रुपयांवर फंड कापला जात असेल तर दरमहा १,८०० प्रमाणे त्याच्या स्वतःच्या खिशातून १०,२०० रुपये जमा झालेले असतात आणि मालकानेही तेवढाच भरणा करायचा असतो; त्यातला मोठा भाग निवृत्तिवेतन योजनेत जातो. मालकाचा वाटा बाजूला ठेवला तरी ही रक्कम ३९,३०० रुपये होते. ज्या घराने ‘कसला हिशेब?’ म्हणून हात झटकले, त्या घराने दोन महिन्यांच्या पगाराहून अधिक रकमेवर पाणी सोडलेले असते. ग्रॅच्युइटी मात्र इतक्या थोड्या नोकरीत मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे; नाही तर खोटी आशा लागते.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. प्रोबेशनवरच्या माणसाला हवे तेव्हा काढता येते का? कायद्याचे उत्तर ‘बरेचसे हो, पण सर्वस्वी नव्हे’ असे आहे. काम समाधानकारक नाही असे मालकाचे प्रामाणिक मत झाले तर तो नोकरी संपवू शकतो, त्यासाठी चौकशीचा सोपस्कार लागत नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच एका वृत्तपत्र कंपनीच्या खटल्यात असे म्हटले की, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर नेमले असेल तर ती मुदत संपण्याआधी गैरवर्तन किंवा तसेच पुरेसे कारण असल्याखेरीज काढता येणार नाही. पारखायला मुदत ठरवली, तर त्या मुदतीत पारखायला हवे. अर्थात नेमणुकीच्या पत्रात ‘कोणत्याही वेळी’ असे शब्द घातले की मालकाची बाजू पुन्हा जड होते. म्हणूनच पत्र नीट वाचले पाहिजे.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. नोकरी संपवणे वेगळे आणि शिक्षा करणे वेगळे. १९७४ साली पंजाबच्या न्यायिक सेवेतील दोन परिवीक्षाधीन अधिकाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की, आदेशाची भाषा कशी आहे यावर न थांबता त्यामागे काय आहे ते पाहावे लागते. दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, याचा प्रत्यय आला. भारतीय पोलीस सेवेत निवड झालेला एक तरुण हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीत शिकत होता. १९८१ च्या जून महिन्यात एका पावसाळी पहाटे बरेच प्रशिक्षणार्थी कवायतीला काही मिनिटे उशिरा पोचले. इतरांना किरकोळ समज देऊन सोडले. या एकाला मात्र म्होरक्या ठरवून सेवेतून कमी केले. आदेशात आरोपाचा शब्दही नव्हता. न्यायालयाने साध्या आदेशाचा पडदा बाजूला सारला. ही शिक्षाच आहे आणि बाजू मांडू न देता ती दिली गेली, असे ठरवून त्याला पुन्हा सेवेत घ्यायला लावले.

हे झाले सरकारी सेवेचे. आपल्याकडे घरोघरी जिव्हाळ्याचा विषय आहे तो खासगी शाळांतील शिक्षकांचा. संस्थाचालकांच्या लहरीवर शिक्षकांच्या नोकऱ्या अवलंबून असत, त्या काळात महाराष्ट्राने १९७७ चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा केला. कायम जागेवर नेमलेल्या शिक्षकाला ठराविक मुदतीचे प्रोबेशन, ते सुरळीत पार पडले की तो कायम झाला असेच समजायचे, आणि मध्येच काढायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार, अशी त्याची चौकट आहे. त्याखालच्या नियमांनी तर प्रोबेशनवरच्या शिक्षकाच्या कामाचे वस्तुनिष्ठ मूल्यमापन करून त्याची नोंद ठेवण्याचे बंधन घातले. महाराष्ट्रातल्याच एका शिक्षण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे बंधन गंभीरपणे घेतले. संस्थेला समाधान झाले नाही एवढे म्हणणे पुरत नाही. ते असमाधान नियमाप्रमाणे केलेल्या मूल्यमापनातून आलेले दिसले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे. काढलेल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते, पण त्यासाठी मुदत फक्त तीस दिवसांची. शरमेने महिनाभर घरात बसून राहिलेल्या शिक्षकाचा हा मार्ग अवघड होतो.

या शिक्षकांच्याच बाबतीत शासनाने स्वतः जे केले तेही विसरता येत नाही. २००० सालापासून शिक्षण सेवक योजना आली. तीन वर्षे पूर्ण काम, पण पगार नव्हे तर मानधन. बरीच वर्षे ते प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपये होते. २०२३ पासून ते अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले. वर्ग तोच, मुले तीच, फळा-खडू तोच. शेजारच्या वर्गावरच्या कायम शिक्षकाला मात्र कितीतरी पट पगार. पारखण्याचा काळ हा स्वस्तात काम करून घेण्याचा काळ झाला की पारखण्याचा हेतूच मागे पडतो. सरकारने घालून दिलेला हा कित्ता खासगी मालकांनी गिरवला तर त्यांना दोष कोणी द्यायचा?

आणि तो गिरवला गेला आहे. पुणे जिल्ह्यातल्या औद्योगिक पट्ट्यात ‘ब्रेक’ हा शब्द ज्याला ठाऊक नाही असा कामगार विरळा. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत अशी तरतूद होती की बदली किंवा हंगामी कामगाराने बारा महिन्यांत २४० दिवस भरले, साखर कारखान्यासारख्या हंगामी उद्योगात १९० दिवस भरले, की त्याला कायम करावे. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की २४० हा आकडा कामगारांच्या आधी मालकांच्याच तोंडपाठ झाला. सात महिने काम, मग ब्रेक, मग नव्या नावाने नवे पत्र: कधी प्रोबेशन, कधी हंगामी, कधी ठेकेदाराचा माणूस, कधी ‘ट्रेनी’. एकच मुलगा एकाच यंत्रावर चार वर्षे काम करतो आणि कागदावर चार वेळा नवखा असतो. वर्षानुवर्षे असे तात्पुरते ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणे ही अनुचित प्रथा आहे, असे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने सांगितले आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या परिशिष्टातही ते आहे. पण हेतू सिद्ध करायचा भार बेकार झालेल्या मुलावर पडतो आणि तेथेच बहुतेक तक्रारी थांबतात.

नव्या संहितांनी काही दिले आणि काही काढून घेतले. प्रत्येकाला नेमणुकीचे पत्र देणे बंधनकारक झाले, हे चांगले झाले. ठराविक मुदतीच्या नोकरीत कायम कामगाराइतकेच वेतन आणि वर्षभराच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी, हेही चांगले. पण पूर्वी महाराष्ट्रात पन्नास कामगारांच्या कारखान्याला स्थायी आदेश लागू होत, आता ती मर्यादा तीनशेवर गेली आहे. औद्योगिक वसाहतींतल्या लहान-मध्यम कारखान्यांपैकी किती तीनशेच्या आत येतात, हे तेथे एक चक्कर मारली तरी कळते. प्रोबेशन किती दिवसांचे, नोटीस किती, कायम कधी, हे ठरवणारा कायद्याचा छापील नियम तेथे उरत नाही. मुलाच्या हातातले पत्र हेच मग त्याचे सर्वस्व ठरते.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. दहा-वीस माणसांच्या कारखान्यात एक चुकीची नेमणूक महाग पडते. महागड्या यंत्रावर अडाणी हात ठेवता येत नाही, आणि एकदा कायम केलेल्याला कमी करणे अवघड असते, हे खरे आहे. पारखण्याचा हक्क मालकाला हवाच. पण पारखायचे तर पहिल्याच दिवशी काय अपेक्षित आहे ते सांगावे, मधल्या काळात चूक दाखवावी, ती सुधारायला वाव द्यावा, आणि तरीही जमले नाही तर तसे तोंडावर सांगून हिशेब हातात ठेवावा. असे वागणारे कारखानदार आपल्याकडे आहेत आणि त्यांच्याकडून निघालेली मुले त्यांच्याविषयी वाईट बोलत नाहीत. नकार पचवता येतो. अपमान आणि बुडवलेला पगार पचत नाही.

घरच्या मंडळींनी काय करावे? नोकरी लागली की पेढे वाटावेत, पण त्याआधी पत्र सगळ्यांनी मिळून वाचावे. त्यावर ‘शिकाऊ’ लिहिले आहे, ‘परिवीक्षाधीन’ लिहिले आहे की ठेकेदाराचे नाव आहे, हे पाहावे. कारण शिकाऊ उमेदवाराचे हक्क निराळे आणि कामगाराचे निराळे. मुदत किती आणि नोटीस किती, यावर खूण करावी. दरमहाची पगारपावती जपून ठेवावी. ती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. फंडाचा खाते क्रमांक घेऊन पैसे खरोखर भरले जातात का, हे मोबाइलवर अधूनमधून पाहावे.

आणि कमी केलेच, तर एक गोष्ट मुळीच करू नये. ‘राजीनामा लिहून दे, म्हणजे पुढे दुसरीकडे अडचण येणार नाही,’ असे गोड बोलून सांगितले जाते. स्वतः सोडायची इच्छा नसेल तर राजीनाम्यावर सही करू नये. त्या एका सहीने काढल्याची तक्रार करायचा मार्ग जवळजवळ बंद होतो. कोऱ्या कागदावर किंवा ‘सर्व हिशेब मिळाला’ अशा पावतीवर पैसे हातात येण्यापूर्वी सही करू नये. कमी केल्याचे लेखी मागावे. दिले नाही तर आपणच एक अर्ज लिहून पोचपावती घ्यावी. राहिलेले पैसे मिळाले नाहीत तर कामगार विभागाकडे दाद मागावी. वेतन संहितेने त्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली आहे, थकवलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देववण्याचा अधिकार दिला आहे, आणि पैसे दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकला आहे. ही शेवटची तरतूद प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. पगार मिळाला नाही हे मुलाने सिद्ध करायचे नाही. दिला हे मालकाने दाखवायचे आहे.

तरीही कायदा पुस्तकात आणि कार्यालय पुण्यात, अशी स्थिती असेल तर कळसच्या मुलाला त्याचा उपयोग किती? बारा-पंधरा हजारांसाठी चार वेळा पुण्याला खेटे घालायचे म्हटले तर एसटीच्या भाड्यात आणि बुडालेल्या मजुरीतच ती रक्कम संपते. कामगार अधिकाऱ्याने महिन्यातून एक दिवस तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी, बसायला काय हरकत आहे? कमी केल्यावर काय काय देणे लागते, याची पाच ओळींची यादी नेमणुकीच्या पत्राच्या मागे मराठीत छापणे सक्तीचे करायला तर पैसाही लागत नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खतांचे भाव आणि पाण्याच्या पाळ्या लिहिल्या जातात; त्याच फळ्यावर हीही यादी लिहिता येईल. तेवढे झाले तरी कामावरून परत आलेल्या मुलाला दार लावून बसण्याऐवजी वडिलांसमोर कागद मांडून बसता येईल आणि दोघांना मिळून हिशेब करता येईल.